सोनारवरून समुद्रतळाचा दगड ओळखता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: ज्वालामुखी बेटांभोवतीच्या समुद्रतळाचे भूशास्त्रीय नकाशे सोनारने (पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राने) करतात म्हणे, मग नुसत्या आवाजावरून खाली कुठला दगड आहे ते कसं कळतं?

दगड कळतच नाही. कळतो आकार आणि थोडाफार टणकपणा. मी धुळ्याचा, भूशास्त्र शिकलो, आता असाच सर्वेक्षणाचा डेटा साफ करत बसतो.

लहानपणी विहिरीत खडा टाकून ‘हीर कितली खोल शे’ ते ठरवायचो, तसाच हा प्रकार. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला तर दोन सेकंद जाण्याचे, दोन येण्याचे, म्हणजे खोली ३००० मीटर. मल्टिबीम सोनारचे शेकडो किरण पंख्यासारखे दोन्ही बाजूंना पसरतात आणि जहाजाच्या एका फेरीत खोलीच्या तिप्पट-चौपट रुंदीचा पट्टा मोजून होतो. खरी डोकेदुखी पाण्याचीच. तापमान, क्षार बदलले की आवाज वाकतो. तो हिशेब चुकला की सपाट तळ उन्हात वाळणाऱ्या पापडासारखा कडांना वर वळलेला दिसतो. (माझा निम्मा पगार हे पापड सरळ करण्याचा.)

टणकपणा कळतो प्रतिध्वनीच्या जोरावरून. उघडा लाव्हा आवाज जोरात परतवतो, मऊ गाळ गिळून टाकतो. पण दरडीचे मोठाले धोंडेही जोरातच परतवतात, तिथे आकार बघावा लागतो. हवाईतल्या ओआहू बेटाच्या ईशान्येला समुद्रात सुमारे ३० किलोमीटर लांबीचा टस्कलूसा नावाचा डोंगर आहे. तो स्वतंत्र ज्वालामुखी नाही, बेटाचाच ढासळलेला तुकडा आहे. अशा दरडींचा पसारा केवढा आहे, ते १९८०च्या दशकात जहाजामागे ओढायच्या ग्लोरिया सोनारने दाखवलं.

दगडाचं नाव आणि वय हवं असेल तर लोखंडी जाळं तळावरून फरफटवून नमुना वर आणावाच लागतो. बोअर मारताना वर आलेला भुकटा आपण चिमटीत धरून बघतो ना, तसंच.

धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून भिंतीसारख्या सरळ टेकड्या गेलेल्या दिसतात, त्या डाइक. म्हणजे जमिनीखालच्या भेगांत थिजलेला शिलारस. सवयीने मी स्क्रीनवरही तशा भिंती शोधतो. पण ३००० मीटर खोलीवर एक अंशाचा किरण पन्नासेक मीटरचा ठिपका व्यापतो. आपल्याकडच्या बऱ्याचशा डाइक त्या एका ठिपक्यात गडप होतील.