खेळाडूंच्या समाजकार्याचा खरंच उपयोग होतो का? माझ्या मित्राने स्वतःचं फाउंडेशन काढावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मित्र व्यावसायिक लीगमध्ये खेळतो, नाव आहे पण फार मोठं नाही, आणि आता त्याला स्वतःच्या नावाचं फाउंडेशन काढायचंय. घरातले म्हणतात, खेळाडूंचं हे सगळं प्रसिद्धीसाठी आणि टॅक्स वाचवण्यासाठी असतं. त्याने काय करावं?

फाउंडेशन काढू नये, निदान एवढ्यात तरी. उपयोगाचं विचाराल तर होतो, आणि कधीकधी अख्खं सरकार माघार घेतं इतका होतो. मी एका छोट्या संस्थेत बरीच वर्षं देणगीदार आणि पाहुणे सांभाळायचं काम केलंय, त्यामुळे या व्यवहाराची मागची बाजूही थोडी पाहिली आहे.

आधी घरातल्यांचा आक्षेप. टॅक्सचा मुद्दा सोडून द्या. शंभर दिले म्हणून शंभर वाचत नाहीत. करात सूट मिळते ती दिलेल्या रकमेच्या एका हिश्श्याइतकी, बाकीचे खिशातूनच जातात. ज्याला फक्त पैसे वाचवायचेत त्याने दान न केलेलंच बरं. (खोटी संस्था काढून पैसे फिरवणारे असतात, पण ती सरळ चोरी, तिला दान म्हणायचं कारण नाही.) प्रसिद्धीचं मात्र खरं आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या नमुना करारात खेळाडूने दर आठवड्याला काही तास क्लबच्या सामाजिक आणि जनसंपर्काच्या कामासाठी द्यायचे असं कलमच आहे. दोन्ही कामं एकाच कलमात. तेव्हा रुग्णालयात मुलांना भेटणारा खेळाडू पाहिला की तो मनापासून आलाय की ड्युटीवर, हे फोटोवरून सांगता येत नाही. मी तर ते शोधायच्या भानगडीतही पडत नाही. ड्युटीवर आलेल्याने नीट काम केलं तर मुलांच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

बघायचं ते वेगळंच. खेळाडूकडे देण्यासारखं नक्की काय असतं? लोक पैसा म्हणतात. पण गरजेच्या मानाने त्याचा पैसा फार थोडा असतो. त्याच्याकडे खरी ताकद असते ती लोकांचं लक्ष वळवण्याची, आणि एरवी बंद असलेली दारं त्याच्या नावाने उघडण्याची.

मार्कस रॅशफोर्डचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो. 2020 चा लॉकडाऊन लागला, शाळा बंद झाल्या आणि इंग्लंडमधल्या ज्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळायचं त्यांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. रॅशफोर्ड तेव्हा 22 वर्षांचा, मँचेस्टर युनायटेडचा स्ट्रायकर. त्याने नवीन संस्था काढली नाही. उरलेलं चांगलं अन्न गोळा करून सामाजिक संस्थांना पोचवणाऱ्या फेअरशेअर या जुन्या संस्थेशी त्याने हात मिळवला. त्यांच्याकडे गोदामं, गाड्या, माणसं, सगळं आधीपासून होतं. याने नाव दिलं आणि निधी कोट्यवधी पौंडांवर गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवणाची कुपनं चालू ठेवायला सरकारने नकार दिला, तेव्हा 15 जूनला त्याने खासदारांना जाहीर पत्र लिहिलं. आई पूर्णवेळ राबायची, किमान वेतनावर, तरी घरात पोटभर अन्न असेलच असं नाही. शाळेचं मोफत जेवण आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची माया यावर आपण वाढलो, हे त्याने त्यात मोकळेपणाने लिहिलं. दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला. 12 कोटी पौंड, साधारण 13 लाख मुलं. त्याने वर्षाचा सगळा पगार देऊन टाकला असता तरी या रकमेच्या जवळपास पोचला नसता.

पण मला त्याहून आवडतो तो ऑक्टोबरचा भाग. पुढच्या सुट्ट्यांतही जेवण द्यावं हा प्रस्ताव संसदेत पडला. रॅशफोर्डने आगपाखड केली नाही. देशभरातली छोटी उपाहारगृहं, कॅफे, नगरपालिका ‘आम्ही मुलांना फुकट जेवण देतो’ असं सांगू लागल्या होत्या. तो एकामागून एक त्यांची नावं स्वतःच्या खात्यावरून पुढे पाठवत बसला. कुठल्या गावात कुणाकडे जेवण मिळेल, हे लाखो लोक एका फुटबॉलपटूच्या ट्विटरवर बघत होते. त्याच्या याचिकेवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने हिवाळ्यासाठी 17 कोटी पौंड काढले. लक्ष वेधणं म्हणतात ते हे. स्वतःकडे आलेलं लक्ष त्याने दुसऱ्याकडे वळतं केलं.

नावाचा आणखी एक उपयोग असतो, धाक म्हणून. डिसेंबर 1972 मध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. पोर्तो रिकोचा बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेंते काही आठवड्यांपूर्वीच तिथे एका हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून जाऊन आला होता. त्याने मदत गोळा करून विमानं पाठवली, पण माल सत्ताधाऱ्यांची माणसंच लांबवत असल्याच्या बातम्या आल्या. आपण समोर उभे असलो तर कुणाची हिंमत होणार नाही, म्हणून 31 डिसेंबरला तो स्वतः विमानात बसला. जुनं विमान, त्यात क्षमतेपेक्षा जास्त माल. उड्डाणानंतर लगेचच ते समुद्रात कोसळलं. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये समाजकार्यासाठीचा पुरस्कार आज त्याच्या नावाने देतात. एवढं टोक कुणी गाठावं असं मी म्हणणार नाही, पण मदत पाठवली म्हणजे ती पोचली असं नसतं, हे त्याला पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं आणि आजही पुष्कळांना कळत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण या विषयात भाबडेपणा फार चालतो. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचा फुटबॉलपटू द्रोग्बा याने ‘गृहयुद्ध थांबवलं’ हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ऑक्टोबर 2005 मध्ये आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला, तेव्हा ड्रेसिंगरूममध्ये कॅमेऱ्यासमोर द्रोग्बा आणि सहकारी गुडघ्यांवर बसले आणि शस्त्रं खाली ठेवा म्हणून त्यांनी विनवणी केली. 2007 मध्ये बंडखोरांचा बालेकिल्ला असलेल्या ब्वाके शहरात मादागास्करविरुद्धचा सामना झाला, तो आयव्हरी कोस्टने 5-0 ने जिंकला. हे सगळं खरंच घडलं आणि फार मोलाचं होतं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये वाटाघाटींतून शांतता करार झाला होता, त्याचं श्रेय वाटाघाटी करणाऱ्यांचं. आणि 2010 च्या निवडणुकीनंतर पुन्हा रक्तपात झालाच. खेळाडू वातावरण तयार करू शकतो. करार टिकवणं त्याच्या हातात नसतं.

आता फाउंडेशनकडे येतो. संस्था काढणं सोपं, चालवणं वेगळं. नोंदणी, हिशेबतपासणी, विश्वस्तांच्या बैठका, कर्मचारी, परवानग्या. खेळाडू सहा-आठ महिने दौऱ्यावर, म्हणून कारभार भावाकडे किंवा मॅनेजरकडे जातो. दोघांनाही या कामाचा अनुभव नसतो. मग एक झगमगीत कार्यक्रम होतो, हॉटेल, सजावट, पाहुण्यांची विमानं यात जमा रकमेचा मोठा भाग उडतो, आणि उरलेल्यात चार शाळांना वह्या वाटल्या जातात. 2013 मध्ये ईएसपीएनने अमेरिकेतल्या नामवंत खेळाडूंच्या 115 धर्मादाय संस्था तपासल्या, तर जवळपास तीन-चतुर्थांश संस्था चांगल्या कारभाराच्या एखाद्या तरी निकषावर नापास झाल्या. सगळे लबाड होते असं नाही. बहुतेकांना काम झेपलं नसावं.

दुसरा धोका नावाचाच. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची कर्करोगाविषयीची संस्था आठवा, पिवळे मनगटपट्टे जगभर कोट्यवधी विकले गेले. 2012 मध्ये उत्तेजकांचं प्रकरण उघड झालं, त्याला अध्यक्षपद आणि मग संचालक मंडळही सोडावं लागलं, आणि ज्या रुग्णांचा सायकलिंगशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्या संस्थेला त्याची झळ बसली. संस्था टिकली, पण पूर्वीचं वैभव गेलं.

जाणकार माणसं आणि भरपूर पैसा असला तरी काम अवघडच. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स याच्या फाउंडेशनने 2018 मध्ये ॲक्रन या त्याच्या गावी अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली. ती खासगी नाही, सार्वजनिक शाळाव्यवस्थेचाच भाग आहे. मुख्य खर्च सरकारी, जादा सोयी फाउंडेशनच्या. पालकांसाठीही तिथे मदत आहे, हे मला विशेष वाटतं. तरी 2023 मध्ये बातमी आली की तिथली आठवीत जाणारी एक तुकडी तिसरीपासून राज्याच्या गणिताच्या चाचणीत पास झालेली नाही, एकही मूल नाही. टीका झाली. माझ्या मते शाळेच्या बाजूने हेच बोलतं की निकाल मोजले जातात आणि ते बाहेर येतात. वह्या वाटणाऱ्यांचा निकाल कोण मोजतो?

आमच्या संस्थेतला एक प्रसंग सांगतो. चालण्या-बोलण्यात अडचणी असलेल्या मुलांसाठी आमचं थेरपी केंद्र होतं. पाहुणे यायचे त्याआधी त्यांच्या माणसांचे फोन यायचे, बॅनर किती फुटांचा, पत्रकार किती, मुलं कुठल्या बाजूला बसवणार. एकदा एक खेळाडू आला, नाव सांगत नाही कारण त्यालाही ते नको होतं. मुलांबरोबर थोडा वेळ काढून तो सरळ हिशेबाच्या टेबलाशी जाऊन बसला आणि आमच्या लेखनिक बाईंना म्हणाला, “ताई, असा कुठला खर्च आहे ज्याला कुणीच पैसे देत नाही?” बाईंनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, “पगार. आणि लाइटबिल.”

कारण पगारावर पाटी लावता येत नाही. देणगीदाराला वस्तू हवी असते, जिच्यावर नाव घालता येईल. आमच्याकडे पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं होती, तिन्हींवर तीन कुटुंबांची नावं आणि त्यातलं चालू एकच. त्या खेळाडूने दोन थेरपिस्टांचे पगार उचलले आणि निवृत्त झाल्यावरही थांबवले नाहीत. थेरपीत मूल एका माणसाला सरावतं. तो माणूस पगारासाठी दुसरीकडे गेला की महिनोन्महिने मागे जातं. हे बाहेरून दिसत नाही, विचारलं तरच कळतं.

म्हणून तुमच्या मित्राने ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू स्टीव्ह वॉ याची वाट धरावी. 1998 च्या भारत दौऱ्यात तो कोलकात्याजवळ बराकपूरला ‘उदयन’ या संस्थेत गेला होता. कुष्ठरुग्णांच्या मुलांसाठी ती 1970 पासून चालू आहे. तिथे मुलांची राहायची सोय होती, मुलींची नव्हती. त्याने मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे उभे करायला मदत केली आणि निवृत्तीनंतरही तिथे जात राहिला. चालू काम शोधलं, त्यातली एक नेमकी उणीव पाहिली, ती भरली. त्याचा सहकारी ग्लेन मॅकग्रा याची संस्था स्वतःची आहे, पण नेमकेपणा तोच. पत्नी जेन 2008 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली, त्यानंतरच्या जानेवारीपासून सिडनीची कसोटी गुलाबी रंगात होते. पण त्या गुलाबीमागे एकच ठोस गोष्ट आहे: रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना फुकट मिळणाऱ्या खास प्रशिक्षित परिचारिकांचा पगार. प्रेक्षकाला आपला पैसा कुठे जातो ते एका वाक्यात सांगता येतं.

फार मोठं नाव नाही ही अडचण नाही. एकट्याने जमणार नसेल तर स्पेनचा फुटबॉलपटू खुआन माता याने 2017 मध्ये सुरू केलेल्या ‘कॉमन गोल’सारखी व्यवस्था आहे, फुटबॉलमधली माणसं पगाराचा किमान एक टक्का त्यात देतात. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण नियमित येतो, आणि संस्थेला हंगामी पावसापेक्षा तेच हवं असतं. नॉर्वेचा स्पीडस्केटर योहान ओलाव्ह कॉसने 1994 च्या लिलहामर ऑलिंपिकमध्ये आपलं बक्षीस दिलंच, वर देशवासीयांना सांगितलं की नॉर्वेच्या प्रत्येक सुवर्णपदकामागे दहा क्रोनर द्या. त्यातून पुढे ‘राइट टू प्ले’ ही संस्था निघाली. आधी काम, मग संस्था, हा क्रम बघा.

मित्राला सांगा, स्वतःला ज्यातलं कळतं असा एकच विषय घे. त्यात किमान दहा वर्षं टिकलेल्या दोन-तीन संस्था बघ, त्यांचे तपासलेले हिशेब माग, आणि पहिल्या भेटीला फोटोग्राफर नेऊ नको. देणार असशील ते तीन वर्षांसाठी लेखी दे. आणि कुठल्याही संस्थेला नाव वापरू देण्याआधी क्लबचा आणि प्रायोजकांचा करार वकिलाकडून वाचून घे. नाव आणि छायाचित्र वापरण्याचे हक्क बहुतेक वेळा खेळाडूने आधीच कुणाला तरी देऊन टाकलेले असतात, आणि संस्थेच्या पत्रकावर जर्सीतला फोटो छापला की पहिली नोटीस संस्थेलाच येते.