‘डार्क शॅडोज’चे बाराशे भाग बघायला वेळ नाही, एकच बघायचा तर कोणता?

तुम्ही लिहिलंय की पहिले पाच भाग बघितले. एक मुलगी आगगाडीने येते, मोठ्या वाड्यात नोकरीला राहते आणि पुढे सगळे दिवाणखान्यात उभे राहून बोलत बसतात. व्हॅम्पायरचा, म्हणजे माणसांचं रक्त पिणाऱ्या जिवंत प्रेताचा, पत्ता नाही, मग या मालिकेचं एवढं नाव कशापायी?

तक्रार रास्त आहे. पाचच्या जागी दोनशे भाग बघितले असते तरी तो तुम्हाला भेटला नसता. सरळ २१० लावा आणि उठू नका, लगेच २११ बघा. एकच म्हणत असाल तर २११, पण २१० सोडलात तर त्यातली निम्मी मजा जाते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मालिका सुरू झाली २७ जून १९६६ला, अमेरिकेत एबीसी वाहिनीवर. निर्माता डॅन कर्टिस. कथा मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट नावाच्या काल्पनिक गावातली. कॉलिन्स हे तिथलं गडगंज घराणं आणि कॉलिनवुड हा त्यांचा वाडा. घरच्या मालकीणबाई एलिझाबेथ अठरा वर्षं उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. हे काम जोन बेनेट यांनी केलं, चाळिसच्या दशकातली हॉलिवूडची बडी नटी. गूढ वातावरण होतं, अधूनमधून भूतही दिसायचं, पण प्रेक्षक जमेना. मालिका बंद पडायच्या बेतात आल्यावर कर्टिसने ठरवलं की आता व्हॅम्पायर आणू, नाहीतरी गमवायला काय उरलंय!

तर भाग २१०, १७ एप्रिल १९६७. विली लूमिस नावाचा एक भुरटा या घरात येऊन चिकटलाय. कॉलिन्स घराण्यातल्या बायकांना दागिन्यांसकट पुरलं, असं त्याच्या कानावर आलंय. तो रात्री स्मशानातल्या त्यांच्या थडगेघरात शिरतो. तिथे सिंहाच्या तोंडात एक कडी आहे, ती ओढली की चोरखोली उघडते. आत साखळदंडांनी जखडलेली शवपेटी. आता थोडी जरी अक्कल असती तरी माणसाने विचार केला असता की सोनंनाणं ठेवायला पेटीला बाहेरून साखळ्या कोण बांधतं? विली साखळ्या तोडतो, झाकण उचलतो, आत बघतो, आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. भाग संपला. दाखवलाय फक्त हात, आणि तोही पुढे व्हॅम्पायर झालेल्या नटाचा नाहीच, वेगळ्याच माणसाचा.

दुसऱ्या दिवशी २११. आता तुम्ही काय अपेक्षा कराल? किंकाळ्या, सुळे, वटवाघूळ. यातलं काही होत नाही. विली कुठे गायब झाला याची चौकशी चालू राहते, आणि मग वाड्याच्या पुढच्या दारावर थाप पडते. कामवाल्या मिसेस जॉन्सन दार उघडतात. बाहेर खांद्यावरून झूल पडणारा कोट, डोक्यावर हॅट, हातात लांडग्याच्या तोंडाची मूठ असलेली काठी, असा एक गृहस्थ उभा. अत्यंत अदबीने सांगतो की मालकीणबाईंना कळवा, त्यांचे भाऊबंद बार्नबस कॉलिन्स आलेत. तो आत येतो. दिवाणखान्याच्या तोंडाशी घराण्यातल्या एका पूर्वजाचं तैलचित्र लावलेलं आहे, तो त्याच्या शेजारी उभा राहतो, आणि बघणाऱ्याला कळतं की दोन चेहरे एकच आहेत.

बस, एवढंच. भागभरात तो जेमतेम काही मिनिटं दिसतो. पण आपल्याला आदल्या दिवशीचा हात माहितीये आणि मिसेस जॉन्सनना माहीत नाही, यावर सगळा खेळ आहे. (आपल्याकडे व्हॅम्पायरला सरसकट पिशाच्च म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही. पिशाच्च पछाडतं, झाडावर बसतं. हा पाहुणा म्हणून येतो, बैठकीत बसतो आणि घराण्याच्या वैभवाची चौकशी करतो.) पुढे कित्येक महिने मालिकेत कुणी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द तोंडातून काढत नाही. सगळ्यांच्या लेखी तो इंग्लंडहून आलेला, जरा जुन्या वळणाचा, भला नातेवाईक. एकटेपणाने पोखरलेला माणूस वाटतो, आणि तसा तो असतोही. पावणेदोनशे वर्षं पेटीत काढल्यावर दुसरं काय होणार.

आता माझं खास कारण. मी काही वर्षं मराठी डेली सोपच्या सेटवर सहायक दिग्दर्शक होतो. कलाकार वाक्य विसरला की कॅमेऱ्याच्या बाजूला बसून आम्ही प्रॉम्प्ट द्यायचो, आणि एडिटला तो तुकडा कापला जायचा. ‘डार्क शॅडोज’ला ही चैन नव्हती. त्या काळी व्हिडिओटेप कापणं-जोडणं महागडं काम, त्यामुळे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत अर्ध्या तासाचा भाग जवळजवळ नाटकाच्या प्रयोगासारखा सलग उभा करायचे. जे झालं ते झालं. म्हणून फ्रेममध्ये बूमची, म्हणजे दांडीला लावलेल्या माइकची, सावली येते, थडग्याचे दगड डुगडुगतात, मधूनच एखादा कामगार दिसून जातो. एकदा तर माशी बार्नबसच्या तोंडावर येऊन बसते आणि बोलणं चालूच.

बार्नबस झालेला जोनाथन फ्रिड हा कॅनडाचा, शेक्सपिअरची नाटकं केलेला रंगमंचावरचा नट, वय बेचाळीस. नाटकाचा दौरा संपवून नुकताच न्यूयॉर्कला परतला होता. गाशा गुंडाळून कॅलिफोर्नियात नाट्यशिक्षकाची नोकरी बघायची, असा बेत. घरात पाऊल टाकतो तो फोन वाजला आणि काही आठवड्यांचं काम मिळालं. पण रोज नवी संहिता पाठ करणं त्याला फार जड जायचं. नीट बघाल तर दिसेल, बोलताबोलता त्याची नजर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे जाते. तिथे टेलिप्रॉम्प्टर आहे, नटाला वाक्यं वाचता यावीत म्हणून लावलेलं यंत्र. अडखळतो, थांबतो, शब्द चाचपडतो. आमच्या सेटवर असा नट असता तर दिग्दर्शकाने डोकं आपटून घेतलं असतं. इथे मात्र उलटं झालं. बार्नबस क्षणाक्षणाला खोटं बोलतोय, जिवंत असल्याचं सोंग आणतोय, कधी उघडं पडू ही भीती त्याच्या मनात आहे, आणि नटाच्याही मनात नेमकी तीच भीती आहे. ती घालमेल कुणी लिहून दिलेली नाही. मला विचाराल तर मालिका तरली ती या अडखळण्यावर.

ठरल्याप्रमाणे काही आठवड्यांत त्याला संपवायचं होतं. पण पत्रांचा पाऊस पडला, शाळा सुटल्यावर पोरं धावत घरी जाऊन टीव्हीसमोर बसू लागली, आणि खलनायकाचा नायक झाला. मालिका २ एप्रिल १९७१पर्यंत चालली, एकूण १,२२५ भाग.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, हे भाग कृष्णधवल आहेत. रंग ऑगस्ट १९६७मध्ये आले. दुसरं, वेग. एकच बातमी तीन पात्रं तीन खोल्यांत सांगतात, कारण कालचा भाग चुकलेल्या माणसाचीही सोय बघायची असते. हा आजार आपल्याकडच्या मालिकांनाही आहे, त्यामुळे तुम्हाला सवय असेलच. रात्री, दिवे घालवून, रॉबर्ट कोबर्टचं संगीत नीट ऐकू येईल अशा आवाजात बघा.

२११ बघून काहीच वाटलं नाही तर खुशाल सोडा, पुढे वेगळं काही नाही. आवडला तर मधले शंभर-दीडशे वगळून ३६५ गाठा. त्यात प्लँचेटला बसलेली व्हिक्टोरिया, म्हणजे तुमची ती आगगाडीतली मुलगी, थेट १७९५मध्ये जाऊन पडते आणि चारेक महिने मालिका तिकडेच राहते. बार्नबसला शाप कुणी दिला आणि का, हे तिथे कळतं.

आणि वेड लागून शेवटपर्यंत गेलात तर १२१९ची चित्रफीत शोधत बसू नका. सगळ्यांत तेवढी एकच हरवलीये. एका प्रेक्षकाने घरी टेप केलेला तिचा आवाज तेवढा उरलाय.