विचारा, सांगतो : लिटरभर पेट्रोलचं वजन

मागच्या अंकात कोळशाच्या आणि उन्हाच्या विजेवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो. बत्तीस वर्षं औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरवर काढली असल्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच येतील. चालवून घ्या.

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, असं वर्गात सांगितलं. एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो कसं निघेल?" मी "उद्या सांगते" म्हटलं. त्या उद्याला आठवडा झाला.

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिचा हिशोब बरोबर आहे, फक्त एक गडी मोजायचा राहिलाय : हवा. लिटरभर पेट्रोल भरतं साधारण ७४० ग्रॅम. त्यात ६३० ग्रॅमच्या आसपास कार्बन, बाकी हायड्रोजन. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू येऊन चिकटतात. कार्बनचा भार १२, दोन ऑक्सिजनचा ३२, म्हणजे १२चे झाले ४४. आता फळ्यावर ६३० गुणिले ४४ भागिले १२ करून दाखवा. २३१० ग्रॅम येतात की नाही बघा. उरलेल्या हायड्रोजनचं पाणी होतं, तेही जवळपास किलोभर. थंडीच्या सकाळी गाडीच्या सायलेन्सरमधून थेंब टपकताना मुलांनी पाहिले असतील, ते हेच.

एवढं वजन डोळ्यांना दिसत नाही, हीच सगळी गोम आहे. गाडीमागे दर लिटरला सव्वादोन किलोची वीट पडत गेली असती, तर आपण केव्हाच रस्त्यावर उतरून भांडलो असतो. हा वायू कुठे जातो? काही समुद्र शोषतो, काही झाडंझुडपं, आणि निम्म्याच्या आसपास हवेतच साचत राहतो. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख रेणूंमागे याचे सुमारे २८० होते. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५च्या आसपास होते. आज ४२०च्या वर आहेत. असं साचलं तर पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच, कागद-पेन्सिलीने, मांडून ठेवलं होतं. त्यामुळे "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय नाही.

प्रश्न : वीजकेंद्राच्या त्या अवाढव्य, कमरेत बारीक मनोऱ्यांतून पांढरा धूर निघतो. त्याच्याजवळून जाताना नाक दाबावं का?

नका दाबू. ते कूलिंग टॉवर. त्यातून पाण्याचा ढग निघतो, बाकी काही नाही. प्रदूषणाच्या बातमीशेजारी हमखास तोच फोटो छापलेला असतो आणि मला दर वेळी हसू येतं. हसू जरा कडवटच म्हणा, कारण तो ढग म्हणजे वाया गेलेली उष्णता आहे. कोळशातली शंभर भाग उष्णता घेतली तर वीज होते पस्तीस-चाळीस भागांची. बाकीची त्या मनोऱ्यांतून आणि चिमणीतून जाते.

नाक दाबायचं ते शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीसाठी. तिच्यातून बऱ्याचदा काहीच निघताना दिसत नाही. राखेचे बारीक कण पकडायला आमच्याकडे ईएसपी असायचा : उच्च दाबाच्या विजेने कणांना भारित करायचं, ते पत्र्यांना चिकटले की हातोडीच्या ठोक्यांनी खाली हॉपरमध्ये, म्हणजे राखेच्या नरसाळ्यात, पाडायचे. नीट चालला तर शंभरातले नव्याण्णव भाग पकडतो. पण गंधकाचा आणि नायट्रोजनचा वायू त्याला जुमानत नाही, पाऱ्याची वाफही त्यातून बरीचशी निसटते. एका रात्री आमचा एक हॉपर चोंदला, ईएसपीच्या त्या भागाची वीज तुटून तो बंद पडला आणि ते सापडेपर्यंत पहाट झाली. सकाळी घरी आलो तर स्कूटरच्या सीटवर राखेचा करडा थर, आणि त्यावर शेजारच्या पोराने बोटाने भागाकार सोडवलेला. चुकीचा. तेव्हा मी हसलो. त्याच्या आईने मात्र दोरीवरचे कपडे सगळे पुन्हा धुतले आणि आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

प्रश्न : सौर पॅनेल बनवायलाही कोळसा लागतोच. मग ही शुद्ध धूळफेक नाही का? रोखठोक उत्तर द्या.

रोखठोक देतो. लागतो. सिलिकॉन मिळवायला गारगोटीचा दगड, म्हणजे क्वार्ट्झ, विजेच्या भट्टीत कोळशासारख्या कार्बनबरोबर तापवतात. पुढे ते शुद्ध करायचं, १४०० अंशांच्या वर वितळवून स्फटिक ओढायचा, कापायचा, सगळीकडे वीज. वर काच आणि ॲल्युमिनियमची चौकट. 'शून्य प्रदूषण' अशी जाहिरात दिसली की माझंही डोकं फिरतं.

पण प्रश्न किती वेळा लागतो, हा आहे. पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा जाते, तेवढी ते साधारण एक-दोन वर्षांत परत देतं आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं चालतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-अभ्यास मंडळाच्या २०१४ सालच्या अहवालात खाणीपासून भंगारापर्यंतचा सगळा हिशोब धरलाय : कोळशाच्या एका युनिट विजेमागे, कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात, ८२० ग्रॅम, सौर विजेच्या ४० ते ५० ग्रॅम, पवनचक्कीच्या ११-१२ ग्रॅम.

आकड्यांनी पटत नसेल तर माझ्याबरोबर वॅगन टिपलरवर, म्हणजे रेल्वेचे डबे उपडे करणाऱ्या यंत्रावर, चला. भरलेला अख्खा डबा ते यंत्र कवेत धरतं आणि कुशीवर वळवून उपडा करतं. साठ टन कोळसा खाली जातो, जमीन हादरते, पाण्याचे फवारे चालू असूनही समोरचा माणूस दिसेनासा होतो. असे अठ्ठावन्न डबे म्हणजे एक गाडी. आमच्या पाचशे मेगावॉटच्या एका संचाला दिवसाला आठेक हजार टन कोळसा लागे, म्हणजे रोज दोनाहून जास्त गाड्या. त्यात तिसरा हिस्सा राख, म्हणून रोज अडीच हजार टनांवर राख पाण्यात कालवून तळ्याकडे पाठवायची. दिवाळी असो, संप असो, कुणाच्या घरी मयत असो, गाड्या यायलाच हव्यात. आणि काल आलेली गाडी आजच्या विजेच्या काही कामाची नाही. ती जळून गेली. पॅनेलचा ट्रक एकदाच येतो.

प्रश्न : रात्री काय करायचं? वारा पडला तर?

हा खरा अवघड प्रश्न. संध्याकाळचे चार-सहा तास आता बॅटऱ्या सांभाळू शकतात. मोठ्या साठ्यासाठी जुनाच उपाय आहे : जास्तीची वीज असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडायचं. शंभर युनिट घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. ऊनही नाही आणि वाराही नाही असा आठवडा आला, तर मात्र पंचाईत. त्यासाठी लांबून वीज आणणाऱ्या वाहिन्या लागतात, जलविद्युत लागते, आणि काही काळ जुनी केंद्रंही राखून ठेवावी लागतील. हे सोपं आहे असं सांगणाऱ्याने कधी कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी केलेली नसते.

पण कोळसा बेभरवशाचा नाही, हाही भ्रमच. बॉयलरची नळी फुटली की पाचशे मेगावॉट एका क्षणात गायब, आणि थंड पडलेला संच पुन्हा उभा करायला आठ-दहा तास, तेही आधी तेल जाळून. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं. त्याच ब्रिटनने शेवटचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केलं. दिवे लागतायत तिथे.

प्रश्न : नैसर्गिक वायू तरी स्वच्छ ना?

जळताना कोळशाहून पुष्कळच बरा. पण तो म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता गळला तर वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत सांधे किती, मोजा.

प्रश्न : जन्मभर कोळशाचा पगार खाल्लात आणि आता त्यालाच नावं ठेवता?

खाल्ला. मुलांची शिक्षणं त्यावर झाली. आणि रात्रपाळीत मी जागा होतो म्हणून कुठल्यातरी इस्पितळातलं ऑपरेशन थांबलं नाही, याचा अभिमान आजही आहे. बैलगाडीने आपल्याला इथवर आणलं म्हणून पुढचा प्रवासही तिच्यातूनच करा, असा आग्रह मी धरणार नाही, एवढंच. बरोबरीचा एक फिटर कोळसा दळणाऱ्या मिलवर वीस वर्षं होता. निवृत्तीनंतर जिन्याच्या चार पायऱ्या चढला की तो थांबतो, कठड्याला धरून. त्याला विचारून बघा कोण नावं ठेवतंय.

प्रश्न : गच्चीवरच्या पॅनेलची वीज अचानक कमी झाली. कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. काय बघू?

आधी सावली बघा. नवी टाकी, केबल, वाढलेली फांदी. पॅनेलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात, एका सेलवर सावली पडली तर माळेचा तेवढा भाग गप्प बसतो. माझ्याकडे एकदा एक तृतीयांश पॅनेल बंद होतं आणि कारण निघालं कबुतराची विष्ठा, रुपयाएवढी. धुवायचं तर उजाडताच, काच तापायच्या आत. मऊ फडकं, साधं पाणी, साबण नको. तरीही फरक पडला नाही तर इन्व्हर्टरवर कुठला क्रमांक दिसतो ते कागदावर उतरवून ठेवा आणि मला कळवा.