गावात भाड्यानं दिलेल्या घराचा आगीचा विमा कुठला घ्यावा?

सांगली जिल्ह्यात वाळव्याकडं चार खोल्या भाड्यानं दिल्यात तर सरळ 'भारत गृह रक्षा' घ्या, एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडं हीच स्टँडर्ड पॉलिसी आहे. आगीसोबत वीज पडणं, भूकंप, पूर पण यात येतो, आणि 2019 ला कृष्णाकाठानं काय सोसलं ते आपण बघितलंय, त्यामुळं नुसत्या आगीपुरता विचार नकोच. घर राहण्याजोगं उरलं नाही तर बुडालेलं भाडंही मिळतं, मालकासाठी हे फार महत्त्वाचं.

रक्कम ठरवताना जागेची किंमत धरू नका, फक्त बांधकाम. समजा 600 स्क्वेअर फूट कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, आणि आज बांधायला 1800 रुपये फूट, तर 10 लाख 80 हजार.

भाडेकरूचं सामान तुमच्या पॉलिसीत येत नाही, त्याला वेगळी घ्यायला सांगा. फॉर्मवर भाड्यानं दिलंय हे स्पष्ट लिहा, आणि पुढच्या खोलीत कुणी वेल्डिंगचं दुकान टाकलं तर कंपनीला लगेच कळवा, वापर बदललेला लपवला तर क्लेम अडकतो. छप्पर पाचटाचं किंवा ताडपत्रीचं असेल तर तेही आधीच सांगा. अन् शेजारचा उसाचा फड तुटल्यावर पाचट पेटवतात तेव्हा भिंतीलगतचा कडबा, सरपण हलवून ठेवा बरं का.