गाडीची किंमत वेगळी, गाडी सांभाळायची किंमत वेगळी

सस्नेह नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 48, कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉप, घर सांगलीच्या गावभागात, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, एफडीत 22 लाख. पुण्यात 2009 ची मर्सिडीज एसएलके 200 विकायला आहे, मालक 14 लाख मागतोय. 4 लाख एफडीतून काढायचे आणि 10 लाखांचं कर्ज घ्यायचं, असा तुमचा बेत. बावीस सेकंदांत छत घडी होऊन डिकीत जातं, हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय.

ती ओढ मला कळते. पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागावं, वर छत नसावं, गार वारा तोंडावर यावा, यासाठी माणसाने पैसे खर्च करावेत असं मला मनापासून वाटतं. मात्र याला खर्चच म्हणा. "पुढे भाव चढेल" हे मित्राचं बोलणं हिशोबात धरू नका. स्वतःच्या वापराची गाडी विकताना तोटा झाला, तर तो आयकरात कशातूनही वजा होत नाही.

आता कर्ज. 14 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी 10 लाख म्हणजे महिन्याला जवळपास 23,270 रुपये हप्ता आणि एकूण व्याज सुमारे 3 लाख 96 हजार. माझा आक्षेप इथेच आहे. हे चार लाख गाडीच्या दुरुस्तीला हवेत, ते बँकेला का द्यायचे?

कारण दुरुस्ती येणारच. या इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, ताणली जाते आणि कॅमशाफ्टच्या ॲडजस्टरचे दात झिजतात. झिजलेला दात काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको. छताच्या हायड्रॉलिक सिलिंडरची सीलं म्हातारी झाली की तेल गळतं. रबरी होज आणि गॅस्केटं 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाहीत, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली गाडी जास्त बिघडते. टायरची नक्षी बघू नका, बाजूला छापलेला आठवडा आणि साल बघा. तुम्ही नट-बोल्ट स्वतः खोलाल, त्यात मजाही येईल, मजुरीही वाचेल. पार्ट मात्र विकतच आणावा लागेल, आणि तो येईपर्यंत गाडी जॅकवर.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2009 च्या गाडीची पंधरा वर्षं 2024 ला संपली, तेव्हा आरसीचं नूतनीकरण झालंय का ते आधी विचारा. अशा आयात केलेल्या चारचाकीला त्याची फी 40,000 रुपये आहे, आणि वीस वर्षांपुढे 80,000.

विम्याचं मात्र नीट ऐका, कारण तुम्ही गावभागात राहता. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तुम्ही ते पाहिलंय. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात गेलेल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा घेतलात तरी दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर निम्मा घसारा (जुनेपणाची वजावट) कापतात, रबर आणि प्लॅस्टिकवरही निम्मा. पाण्यात इंजिन सुरू करून ते बसलं तर वेगळं इंजिन-संरक्षण घेतल्याशिवाय बहुधा दावा नाकारला जातो. पावसाळ्यापुरती विश्रामबागकडे उंचावरची जागा भाड्याने मिळते का बघा आणि ते भाडंही खर्चात धरा.

आता तुमचे आकडे. कामगारांचे पगार आणि घरखर्च मिळून सहा महिन्यांचे 10 लाख, मुलीच्या शिक्षणाचे 7 लाख. यांना हात लावायचा नाही. उरले 5. त्यातले 4 गाडीला दिले तर दुरुस्तीला 1 लाख राहतो, आणि वर हप्ता. माझ्या मते आज ही गाडी घेऊ नये.

पण बेत सोडू नका. जो हप्ता भरायची तयारी आहे, तेच 23,000 पुढच्या महिन्यापासून आरडीत टाका. तीन वर्षांत 8 लाख 28 हजार होतील, व्याज वेगळं. शिल्लक 5 धरून 13 लाखांवर जाल. 10 लाखांपर्यंतची गाडी, बाकीचे गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात. तोवर मुलगीही शिकून बाहेर पडलेली असेल. तेव्हाची गाडी एसएलकेच असेल असं नाही, पण बिनकर्जाची असेल.

पुण्याची गाडी बघायला मात्र जरूर जा, शिकायला मिळेल. मालकाला आधी फोन करून सांगा, सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना बघा, आणि सुरू होताना पहिल्या दोन-चार सेकंदांत त्या चेनची किंवा झिजलेल्या दातांची खडखड येते का तेवढं ऐका.