पेडल तळाला गेलं, आता काय? जुन्या आलिशान गाड्यांचे ब्रेक : प्रश्नोत्तरे

गोव्यात जुनी मर्सिडीज, ऑडी किंवा बीएमडब्ल्यू दारात उभी दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांमागे २०१५ पासून हरित लवादाचा आदेश लागला आणि तिकडच्या दिसायला झकास गाड्या स्वस्तात इकडे उतरू लागल्या. गाडीचा भाव पडतो, पण तिच्या सुट्या भागांचा पडत नाही. म्हणून मग चालढकल सुरू होते आणि ती बहुधा ब्रेकपाशी येऊन अडते. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी २०१३ची जर्मन एसयूव्ही घेतली, डिझेल, ऑटोमॅटिक. बेळगावहून कुटुंबासह येताना चोर्ला घाट उतरत होतो. केरी जवळ आलं आणि ब्रेक पेडल मऊ होऊन थेट तळाला गेलं. भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर थोडा ब्रेक लागला, कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला थांबवली. अर्ध्या तासाने ब्रेक पहिल्यासारखे! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही. हे काय गौडबंगाल? (पर्वरी)

गौडबंगाल नाही, ब्रेक ऑइलमध्ये मुरलेलं पाणी आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. ताजं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत घसरू शकतो. आता दुसरी बाजू बघा. तुमची गाडी माणसं आणि सामानासह सव्वादोन टनांच्या पुढे. ती ५०० मीटर खाली उतरताना जेवढी ऊर्जा बाहेर टाकावी लागते, तेवढ्यात ३० लिटरहून जास्त पाणी उकळेल. ही सगळी उष्णता तुम्ही चार चाकांवरच्या ब्रेक डिस्कच्या माथी मारलीत, कारण गाडी ‘डी’मध्ये आणि पाय अख्खा घाट ब्रेकवर (तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैज लावायला तयार आहे). डिस्कवर पॅड आवळणाऱ्या कॅलिपरमधलं ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली गेलं आणि चाकापर्यंत जोर पोचलाच नाही. अर्ध्या तासात वाफेचं पुन्हा द्रव झालं. थंड गाडीत दुसऱ्या दिवशी कोण काय शोधणार?

गॅरेजला नुसतं ‘ब्रेक बघा’ म्हणू नका. सांगा, चारही चाकांतून जुनं ऑइल पूर्ण काढून नवीन भरा आणि स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लावून एबीएसचा, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पंप चालवत त्याच्या आतलंही बदला. टाकीतलं वरचं ऑइल सिरिंजने ओढून तेवढंच नवीन ओतणारे महाभाग आहेत. टाकीत रंग लगेच फिका पिवळा दिसतो, कॅलिपरमध्ये मात्र तेच जुनं तपकिरी पाणी. तुम्ही समोर उभे राहा आणि कॅलिपरच्या निपलला (ऑइल सोडायच्या तोंडाला) लावलेल्या नळीतून फिकं ऑइल येईपर्यंत हलू नका. पुढे दर दोन वर्षांनी हेच, गाडी चालो न चालो. डॉट ५ भरू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ते सिलिकॉनचं असतं, या गाड्यांसाठी नाही आणि डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं, पण कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी पाहा.

एकदा एवढे तापलेले पॅड वरून चकचकीत होतात आणि पकड सोडतात, तेही काढून बघा. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. ती मोजायला व्हर्नियर लागतो, बोटाने चाचपून कळत नाही.

आणि घाट गिअरवर उतरा. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर धरा. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू द्या. ब्रेक वळणाआधी थोडा वेळ, पण ठाम दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. कधी तापलेच तर थांबा, पण डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. हँडब्रेकवरही विसंबू नका. ‘पी’मध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

प्रश्न : आमच्याकडे वापरलेली ऑडी आहे, मी रोज गिरीमार्गे पणजीला जाते. ६०-७० च्या वेगात ब्रेक गेलेच तर काय करायचं यावर घरात वाद आहे. यजमान म्हणतात इंजिन बंद कर, दीर म्हणतात हँडब्रेक ओढ, सासरे म्हणतात न्यूट्रल कर. कोणाचं ऐकू? (म्हापसा)

दिरांचं, तेही अर्धंच.

इंजिन बंद केलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर संपतो. चावीची गाडी असेल आणि घाबरून चावी बाहेर आली तर स्टिअरिंग लॉक व्हायची भीती. न्यूट्रल केलं की इंजिनाचा ओढा जातो, म्हणजे हातात उरलेला एकमेव ब्रेक आपणच सोडून द्यायचा. न्यूट्रल कामाला येतं ते अॅक्सिलरेटर अडकला तर. सासऱ्यांच्या मनात बहुधा तेच असावं.

आधी पायाला काय जाणवतंय ते ओळखा, कारण ब्रेक दोन तऱ्हेने जातात आणि दोन्हींचा उपाय उलटा आहे. पेडल मऊ होऊन खाली जातंय म्हणजे ऑइल गळालं, उकळलं किंवा पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर गेला. तेव्हा भराभर दाबा-सोडा करा, थोडा दाब तयार होतो. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी उरते. त्यामुळे पेडल तळाजवळ गेलं तरी पाय काढू नका, तिथेच जोराने दाबून धरा. पेडल दगडासारखं घट्ट झालंय आणि गाडी थांबत नाही म्हणजे बूस्टर किंवा त्याला व्हॅक्यूम पुरवणारा पंप गेला. तेव्हा दाबा-सोडा अजिबात नको, उरलंसुरलं व्हॅक्यूमही संपेल. दोन्ही पाय ठेवा आणि सगळी ताकद लावून एकदाच दाबा. ब्रेक लागतो. तो मेलेला नसतो, फक्त मदतनीस गेलेला असतो.

याच वेळी अॅक्सिलरेटर सोडलेला, धोक्याचे दिवे चालू, हात हॉर्नवर. स्टिअरिंगमागच्या पॅडलने एकेक गिअर खाली. इंजिनाला झेपणार नाही असा गिअर ही गाडी स्वतःच नाकारते, म्हणून जरा थांबून पुन्हा मागा. ‘पी’कडे हात नेऊ नका.

आता हँडब्रेक. तुमच्या ऑडीत बटण असेल तर ते ओढून धरून ठेवायचं. बहुतेक गाड्यांत यावर ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, जागं होतं, चारही चाकांना ताब्यात राहून ब्रेक लावतं आणि बोट काढलं की सोडतं. ऑइलच गेलं असेल तर मागच्या चाकांच्या मोटरी तेवढ्या लागतात, म्हणून सरळ रस्त्यावर करा, वळणात नको. मर्सिडीजमध्ये हेच बटण बहुधा दाबून धरायचं असतं. तिच्या जुन्या मॉडेलमध्ये डाव्या कोपऱ्यात पायाचा पार्किंग ब्रेक असतो. तो दाबताना सोडायचा दांडा हाताने ओढून धरा, म्हणजे पायाने कमी-जास्त करता येतो. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात २०च्या वेगावर एकदा करून बघा. पहिल्यांदा गाडी कशी कुरकुरते ते घाबरलेलं नसताना कळलेलं बरं.

तरीही गाडी थांबत नसेल तर चढणीचा फाटा शोधा. तो नसेल तर झुडपं, मातीचा बांध, किंवा चिऱ्याच्या गडग्याला बाजू घासत जाणं. समोरासमोर धडक घ्यायची नाही. घाटात नेहमी डोंगराकडे. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बाजूला हिरवंगार सपाट दिसतं, त्याला भुलू नका, खाली पाणी आणि चिखल असतो.

आणि हो, पाण्याची बाटली किंवा बाजाराच्या पिशवीतून सुटलेला नारळ ब्रेकखाली अडकला तरी पेडल दाबलं जात नाही. जाड मॅटवर दुसरी मॅट टाकण्याची हौस असेल तर ती आजच काढा.

प्रश्न : २००५ची ई-क्लास पेट्रोल हौसेने घेतली. मीटरवर ब्रेक सर्व्हिसला न्या असा संदेश येतो. एक जण म्हणतो, लॅपटॉप लावून काउंटर शून्य करतो, हजार-दोन हजारांत काम. ब्रेक तर व्यवस्थित लागतात. (कुडचडे)

करू नका. तुमच्या गाडीत सेन्सोट्रॉनिक ब्रेक आहेत. मर्सिडीजने ते २००१च्या एसएलमध्ये आणि मग २००२पासून ई-क्लासमध्ये आणले. त्यात पेडल दाबलं की संगणक ठरवतो आणि साठवलेल्या दाबाने पंप युनिट ब्रेक लावतं. त्या युनिटला आयुष्य आहे, म्हणून ते प्रत्येक दाब मोजतं आणि हद्द आली की सांगतं. २००४ मध्ये कंपनीने याच पद्धतीच्या ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या, आणि २००६च्या सुधारित ई-क्लासमध्ये साधे हायड्रॉलिक ब्रेक परत आणले. आकडा शून्य केल्याने झिजलेला पंप नवा होत नाही, फक्त तो बोलायचा थांबतो. युनिट गेलं तर पुढच्या दोनच चाकांना, पेडल खोल दाबून आणि प्रचंड जोर लावून ब्रेक लागतो. साठीच्या माणसाला तो जोर जमेलच असं नाही.

युनिट महाग आहे, दुरुस्त केलेलंही मिळतं. ते बसवणं परवडत नसेल तर गाडी विका आणि घेणाऱ्याला हे सांगून विका. आणखी एक, मेकॅनिकला बजावा : पॅड बदलण्याआधी स्कॅनरने ही यंत्रणा निष्क्रिय करावीच लागते. नुसतं दार उघडलं तरी पंप जागा होऊन कॅलिपर आवळतो. मध्ये बोट असेल तर गेलं.

प्रश्न : २०१०ची मर्सिडीज एमएल आहे. ब्रेक दाबताना फुस्स असा आवाज येतो. वय झालंय म्हणून सोडून देऊ का? (मडगाव)

सोडू नका, दुरुस्त होईपर्यंत चालवूही नका. जून २०२२ मध्ये मर्सिडीजने २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या एमएल, जीएल आणि आर-क्लास मिळून जगभरात १० लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. बूस्टरवर एक रबरी आवरण असतं. त्याखाली ओलावा साचून पत्रा गंजतो, आणि फार गंजला तर जोरात ब्रेक दाबताना पेडलचा ब्रेकशी संबंधच तुटू शकतो. समुद्राकाठच्या गाडीला ही गोष्ट लहान नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी क्रमांक द्या आणि तुमची गाडी त्यात येते का विचारा. तिसरे-चौथे मालक असलात तरी तो क्रमांक तुमचाच आहे.

घरच्या घरी एक तपासणी करता येते, ती कुठल्याही गाडीला चालते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. तसंच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. आता चालू इंजिनवर पेडल अर्धा मिनिट स्थिर दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय किंवा बाहेर कुठे तरी ऑइल जातंय.

प्रश्न : एबीएसचा पिवळा दिवा सतत पेटलेला, ब्रेक मात्र लागतात. चालवू का? (वास्को)

जपून गॅरेजपर्यंत. साधा ब्रेक चालू आहे, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाक लॉक होऊ शकतं. लाल दिवाही सोबत पेटला तर जागेवरून हलवू नका, टोइंग बोलवा.

प्रश्न : मुलगा बोटीवर असतो, त्याची बीएमडब्ल्यू सहा-सात महिने घरी उभी असते. चतुर्थीला तो येतो तेव्हा ब्रेक किंचाळतात. मी दर रविवारी इंजिन चालू करून ठेवतो. (फोंडा)

इंजिन चालू ठेवून ब्रेकला काही मिळत नाही. डिस्कवरचा वरवरचा गंज दोन-चार ब्रेकमध्ये जातो. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना मात्र पावसाळ्यात धरून बसतात, मग गाडी एका बाजूला ओढते. आठवड्याला १५-२० किलोमीटर फिरवून आणा. जमत नसेल तर हँडब्रेक न लावता ‘पी’मध्ये ठेवून चाकाला चिऱ्याचे तुकडे लावा, आणि मुलगा यायच्या आठवडाभर आधी चारही चाकं काढून पिना ग्रीस करून घ्या. उंदरांनी चाकाजवळची सेन्सरची वायर कुरतडली आहे का तेही त्याच वेळी बघा.

प्रश्न : गाडी घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात मास्टर सिलिंडर गेला. डीलर म्हणतो ‘जशी आहे तशी’ असं लिहून घेतलंय. काही करता येईल? (साखळी)

डीलरकडून घेतली असेल तर येईल. व्यापाऱ्याने ठाऊक असलेला दोष लपवून माल विकला तर ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं. ओळखीतल्या माणसाकडून खासगीत घेतली असती तर हा रस्ता नव्हता. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, त्याच्याकडे ते आहे का विचारा. या प्रश्नाने पुष्कळांचा सूर बदलतो.

दुरुस्तीची घाई करू नका. आधी दुसऱ्या गॅरेजकडून लेखी अहवाल घ्या आणि स्कॅनरचा कागद काढून घ्या. कित्येक गाड्यांत दोष कोणत्या किलोमीटरला नोंदला गेला तेही त्यात असतं. तो आकडा तुमच्या खरेदीआधीचा निघाला तर तुमची बाजू भक्कम. काढलेला जुना सिलिंडर भंगारात देऊ नका, पिशवीत घालून घरी आणा. विमा तुमच्या नावावर झालाय ना? खरेदीपासून १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिला फोन विमा कंपनीला, डीलरला नंतर.