शब्दांविना नदी कशी दिसते?

प्रश्न : चेक संगीतकार बेद्रिख स्मेतानाची, व्लतावा नदीचा प्रवास रंगवणारी ‘व्लतावा’ ही वाद्यवृंदाची रचना मी प्रथम काहीही माहिती नसताना ऐकली. चाल फार आवडली, पण नदी काही डोळ्यांपुढे आली नाही. नंतर सोबतचे टिपण वाचून ऐकली, तेव्हा झरे, जंगल, लग्न, खळाळ सारे दिसू लागले. मग हे चित्र संगीतात आहे की टिपणातल्या शब्दांत?
– एक वाचक

उत्तर : आपला अनुभव खरा आहे. केवळ स्वर ऐकून ही बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक देशातली, व्लतावा आहे, असे कोणी ओळखणार नाही, आणि म्हणूनच स्मेतानाने प्रसंगांची नावे स्वरलिपीतच लिहून ठेवली. नदीचे नाव शब्दांनी सांगितले हे खरे, परंतु तिचे वाहणे स्वरांतच आहे.

आपण बहुधा चाल ऐकत होता. पाणी मात्र चालीच्या खाली आहे. आरंभी एक बासरी लहानशा लाटेसारखी वर जाऊन खाली येते, तिची लाट ओसरते न ओसरते तोच दुसरी बासरी तिला उत्तर देते, आणि व्हायोलिनच्या छेडलेल्या तारा व हार्प यांचे थेंब मधूनमधून पडत राहतात. हा थंड पाण्याचा झरा. मग खालच्या स्वरांतून क्लॅरिनेट येऊन मिळतात, तो उबदार पाण्याचा. दोन्ही ओघ तंतुवाद्यांकडे गेले की त्यांची अखंड सळसळ सुरू होते आणि त्यानंतरच तिच्यावर ती प्रसिद्ध चाल तरंगू लागते.

जंगलातली शिकार हॉर्नच्या पुकाऱ्यांमुळे सहज ओळखू येते. त्यापुढचे गावातले लग्न मात्र लक्ष देऊन ऐकावे. तिथे लय बदलून पोल्का हा लोकनाच सुरू होतो, पाणी ऐकू येईनासे होते आणि काठावरची माणसेच तेवढी ऐकू येतात. हे लग्न संपत नाही, ते विरत जाते, कारण नाच थांबलेला नसून आपणच प्रवाहाबरोबर पुढे निघून आलेलो असतो. ऐकणाऱ्याला काठावर उभे न करता होडीत बसवणारी ही जागा मला साऱ्या रचनेत मोलाची वाटते, आणि ती समजायला टिपण लागत नाही.

चांदण्यातल्या जलपऱ्यांनंतर सेंट जॉनचे खळाळ येतात. त्या ठिकाणचे खडक आज धरणाच्या जलाशयाखाली बुडालेले आहेत. खळाळ पार होताच, तोवर बहुतांशी मायनर स्वरांत राहिलेली चाल मेजरमध्ये उलगडते, म्हणजे आपल्या भाषेत तिचे कोमल गंधार-धैवत शुद्ध होतात, आणि नदीचे पात्र प्रागपाशी रुंदावते. तिथेच विशेह्राद या प्राचीन गडाची धून घुमते. ती ‘मा व्लास्त’, म्हणजे ‘माझा देश’, या सहा रचनांच्या मालिकेतील पहिल्या रचनेतून आलेली आहे, त्यामुळे ही एक खूण मात्र पूर्वमाहितीशिवाय कळत नाही.

एक गोष्ट मला राहून राहून हलवून टाकते. ही रचना 20 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर 1874 या काळात लिहिली गेली आणि त्याआधीच स्मेतानाचे दोन्ही कान पूर्णपणे निकामी झालेले होते. 4 एप्रिल 1875 रोजी प्रागमध्ये ती प्रथम वाजली, तेव्हा दोन बासऱ्यांचे ते पाणी सभागृहात सर्वांनी ऐकले, पण ज्याने लिहिले त्याला ते ऐकता आले नाही.

पुढच्या वेळी टिपण बाजूला ठेवा आणि चालीऐवजी तिच्याखालची सळसळ कुठे थांबते व कुठे परतते, एवढ्याकडेच कान द्या. विशेह्राद मागे पडल्यावर ती व्हायोलिनमध्ये क्षीण होत जाते, व्लतावा जिला मिळते त्या लाबे (एल्बे) नदीकडे जाता जाता जवळजवळ नाहीशी होते, आणि मग सारा वाद्यवृंद दोनच ठाम आघात करून थांबतो.